राहेलबाईंचा पहिला प्रश्न

माणूस भेटला की आपण ‘काय, बरं आहे ना?’ असं विचारतो. आमच्या वेळशेतच्या नर्स राहेलबाई विचारायच्या, “शेवटची कधी?”

समोर बाई असली म्हणजे झालं. तिचं नाव, गाव, दुखणं हे सगळं नंतर. पायात काटा मोडला असेल, कानात दडा बसला असेल, नुसती शेजारणीला सोबत म्हणून आली असेल. दवाखान्याच्या उंबऱ्याआत पाऊल पडलं की पहिला प्रश्न हाच. शेवटची पाळी कधी आली? आणि आवाज कसा, तर धक्क्यावरून बोलल्या तर पडावातल्या खलाशाला ऐकू जावा असा. सत्तरीच्या एका म्हातारीनं या प्रश्नावर बराच वेळ विचार केला आणि सांगितलं, “माज्या थोरल्याच्या लग्नाच्या आदी.” राहेलबाईंनी गंभीरपणे मान हलवली. “बरं. मग ते नाही. दाखव कान.”

एकदा तालुक्याहून मामलेदार तपासणीला आले होते. त्यांच्या पोटात दुखू लागलं. राहेलबाई पाठमोऱ्या उभ्या राहून बाटल्या पुसत होत्या. खुर्ची करकरली तशी त्यांनी मागे न बघताच सवयीनं विचारलं, “शेवटची कधी?” मामलेदार दचकून म्हणाले, “काय शेवटची?” राहेलबाई वळल्या, मिशा बघितल्या आणि पापणीही न हलवता म्हणाल्या, “पंगत. शेवटची पंगत कधी झाली साहेबांची?” ती आदल्याच दिवशी, वीस पुरणपोळ्यांची झालेली होती. मामलेदार जन्मभर सांगत राहिले की वेळशेतच्या नर्सला माणूस न बघता रोग कळतो.

हे वेळशेत श्रीवर्धन आणि म्हसळ्याच्या मधल्या खाडीवर आहे. वर सुपारीच्या वाड्या, मधे कोळीवाडा, आणि खाडीच्या अंगाला बांध घालून समुद्राकडून हिसकावून घेतलेली खारी भातशेती. स्वराज्य येऊन पाचसहा वर्षं झाली होती तेव्हा मी पालीहून तिथल्या मुलींच्या शाळेवर मास्तरीण म्हणून आले. राहेलबाईंची खोली आणि माझी खोली यांच्यामधे एकच कुडाची भिंत होती. त्यामुळे मी पुढे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं मी पाहिलेलं आहे आणि निम्मं मला ऐकू आलेलं आहे. ऐकू येऊ नये म्हणून मी काही प्रयत्न केले, असं मात्र म्हणणार नाही.

राहेलबाई बेने इस्रायल, म्हणजे आमच्या कोकणातल्या ज्यू. गावात त्यांना शनवारतेली म्हणत, कारण त्यांचे वाडवडील तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. राहेलबाईंचीही चूल शनिवारी पेटत नसे. त्या दिवशीचा चहा माझ्याकडे, आणि त्यात साखर कमी पडली तर ऐकवणंही माझ्याकडेच. अंगानं बुटक्या आणि रुंद, पांढरं नऊवारी, मनगटावर मोठ्या भावाचं पुरुषी घड्याळ, काखेत काळी छत्री. छत्री उन्हापावसासाठी नव्हतीच. ती दारं ठोठावायला, कुत्री हाकायला आणि सासवांना गप्प बसवायला होती.

त्या काळात, आणि आमच्या बाजूला तर नक्कीच, बाईची पाळी ही एकाच वेळी मोठी चोरटी आणि मोठी जाहीर गोष्ट होती. तिचं नाव घ्यायचं नाही, पण ती आली की चार दिवस बाजूला बसायचं. पडवीच्या कोपऱ्यात वेगळी चटई, वेगळा तांब्या. शेतावर राबायला ती बाई चालायची, चुलीला चालायची नाही. म्हणजे कोण बसली आणि कोण बसली नाही हे साऱ्या आळीला रोज दिसत होतं, आणि जी दोन महिने बसली नाही तिच्याबद्दल आळीच तिच्याआधी निर्णय देऊन मोकळी होत होती. राहेलबाई सकाळी गावातून एक फेरी मारायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, बाई हवा खातेय. बाई पडव्या वाचत असायची.

“मास्तरीण,” एकदा त्या मला म्हणाल्या, “तुम्ही फळ्यावर वाचता, मी ओट्यावर वाचते. शरीर खोटं बोलत नाही. खोटं बोलतात माणसं, आणि तीही बहुतेक सासूला भिऊन.”

पाळी थांबली म्हणजे गावाला दोनच कारणं ठाऊक होती, पोर नाहीतर पाप. राहेलबाईंच्या डोक्यात कारणांचं मोठं कपाट होतं आणि त्यातला पहिला खण, म्हणजे पोराचा, मात्र त्या कुणालाही चुकवू देत नसत. कोळीवाड्यातल्या साळूबाईचंच बघा. वय चव्वेचाळीस, दोन सुना घरात, नातू रांगता. साळूबाईची पाळी थांबली. तिनं ठरवलं की आपण सुटलो. आनंदानं तिनं सुक्या बोंबलाच्या चार जुड्या शेजारणींना वाटल्या. पाचवी जुडी राहेलबाईंना द्यायला दवाखान्यात आली.

“शेवटची कधी?”

“झाले की चार-पाच म्हयने. आता न्हाय येनार ती, बाय. मी सुटले.”

“पोट पुढं दिसतंय.”

“वाऱ्यानं. ह्या वयात वारा धरतो.”

राहेलबाईंनी तिला आडवी केली, पोटाला कान लावला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “साळू, ह्या वाऱ्याला दोन पाय आहेत आणि तो लाथा मारतोय.”

साळूबाई उठून बसली. “सुनांना काय सांगू मी?”

“सांग, दोन जिवांची मी, कामं तुम्ही करा. सासूपणाचा इतका उपयोग तुला पुन्हा व्हायचा नाही.”

दुसरी गोष्ट सुपारीच्या वाडीतली. तिथल्या एका घरची धाकटी सून, वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली. सहा महिने बाजूला बसली नव्हती. सासू खुशीत, डोहाळजेवणाची तयारी. राहेलबाईंनी सुनेची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, संध्याकाळी ताप येतो का, खोकला आहे का, माहेरी कुणाला छातीचं दुखणं होतं का, हे विचारलं. त्याच वर्षी मुंबईहून आलेली एक बाई पाळी थांबली म्हणून दाखवायला आली होती आणि निघाला क्षय. तिला त्यांनी वेळीच मोठ्या डॉक्टरांकडे इंजेक्शनं घ्यायला धाडलं होतं. या मुलीला तसलं काही नव्हतं, आणि पोटात पोरही नव्हतं. मग राहेलबाईंनी सासूला बाहेर घालवून विचारलं, “जेवतेस काय?”

मुलीनं आधी सासू गेल्याची खात्री केली. मग हळूहळू निघालं. सोमवार, गुरुवार, शुक्रवार, दोन्ही एकादश्या आणि चतुर्थी, सगळे उपास मुलगा व्हावा म्हणून सासूनं धरायला लावलेले. उरलेल्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते. बहुधा पेज.

“अगं, शरीराला स्वतःपुरतं पुरेना, ते दुसऱ्यासाठी घर कशाला झाडून ठेवेल?” एवढंच राहेलबाई म्हणाल्या. पण हे सासूला सांगून उपयोग नव्हता. त्यांनी लोहाच्या गोळ्यांची पुडी बांधली, बाहेर आल्या आणि आवाज खाली आणून, म्हणजे चार घरांपुरता करून, सासूला बजावलं: औषध फार कडक आहे. रिकाम्या पोटी घेतलं तर पोटात आग पेटते. आधी वाटीभर तूपभात आणि वरण, वर तिळगुळाचा लाडू, आणि मग गोळी. दिवसातून दोनदा, रोज, उपास असो नसो. आणि सूर्य माथ्यावर यायच्या आत.

“म्हणजे आमच्या ह्यांच्या आधी जेवायचं तिनं?” सासूनं विचारलं.

“औषधाला ते कोण लागतात?” राहेलबाई म्हणाल्या.

दोन महिन्यांनी ती सासू छत्रीला न भिता तावातावानं दवाखान्यात आली. “नर्सबाई, तुमच्या औषधानं घात केला. आज सून बाजूला बसली.” राहेलबाईंनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, “पेढे आणलेत ना?” पुढल्या वर्षी पेढे खरंच आले. मुलगी झाली होती, तरी आले. राहेलबाईंनी तो पेढा मला अर्धा दिला आणि माझ्या तोंडात तो असताना म्हणाल्या, “मास्तरीण, तुमच्याही नखांना रंग नाही. गोळ्या देऊ?”

आता धाकूच्या सुगंधीची गोष्ट सांगते. तीच सांगायची होती. बाकीचं म्हणजे नाटकाआधीची नांदी.

धाकू खाऱ्या शेतीचा बांध राखायचा. त्या बांधाला मधेच एक लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरती आली की खारं पाणी ते दार बाहेरून दाबून लावून टाकतं, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी ते ढकलून बाहेर जातं. धाकूचं सगळं आयुष्य त्या दारापाशी गेलेलं. बोलायला कमी. दिवसातून दहा शब्द, त्यातले सहा बैलांना.

सुगंधी ही त्याची एकुलती मुलगी. माझ्या शाळेत चौथीपर्यंत शिकली होती, अक्षर सुरेख. म्हसळ्याकडच्या एका घरी तिची सोयरीक ठरलेली, मुलगा मुंबईला गोदीत. मुलाची आई रखमाय एवढंच म्हणाली होती, “पोरीला न्हाण आलं की सांगा, लगीन करू.” न्हाण म्हणजे पहिली पाळी. मुलीला केळीच्या खांबांच्या मखरात बसवायचं, आळीच्या बायकांनी गाणी म्हणत ओटी भरायची, गावाला कळवायचं की पोर शहाणी झाली.

सुगंधीला सोळा सरून सतरावं लागलं, तरी न्हाण येईना. तिच्यामागच्या पोरी मखरात बसून सासरी गेल्या. शेवटी एकदाचं धाकूकडे मखर लागलं. मीही नारळ घेऊन गेले होते. राहेलबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. घरी परतताना म्हणाल्या, “आई पोरीकडं बघत नव्हती. दाराकडं बघत होती.”

मी म्हटलं, “पाहुण्यांची वाट बघत असेल.”

“असेल,” म्हणाल्या, आणि छत्री दुसऱ्या काखेत घेतली. छत्रीची काख बदलली म्हणजे पटलेलं नाही.

पुढे दर महिन्याला सुगंधी पडवीत बसायला लागली. राहेलबाई सकाळच्या फेरीत बघत होत्या. चौथ्या-पाचव्या महिन्यात भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, “मास्तरीण, जाग्या आहात? अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी ही पोर बसते. दर वेळी. एक दिवस इकडं नाही, एक दिवस तिकडं नाही. माणसाचं शरीर पंचांग वाचतं का?”

आणि दुसरी गोष्ट त्यांनी मला कुंपणापाशी नेऊन दाखवली. त्या काळी बायका ती फडकी धुऊन वाळवायच्या त्या लुगड्याच्या नाहीतर गोणपाटाच्या आड, कुणाला दिसू नयेत म्हणून. उन्हाचं तोंड त्या फडक्यांनी कधी बघितलेलं नसायचं. धाकूची बायको पार्वती ती रस्त्याच्या कुंपणावर उघडी वाळत घालत होती. मोगऱ्यासारखी पांढरी.

“दिसावीत म्हणून घातलीत,” राहेलबाई म्हणाल्या. “किती धुतली तरी त्या फडक्याचा डाग पुरता जात नाही. ही वापरलेलीच नाहीत.”

त्या पार्वतीकडे गेल्या. पार्वतीनं त्यांना ओटीवर चढू दिलं नाही. “साऱ्या गावानं मखर बघितलंय, बाय. आमच्या पोरीला काय बी झालेलं न्हाय.” राहेलबाई परत आल्या आणि दोन दिवस कुणाला ‘शेवटची कधी’ विचारलं नाही. गावाला वाटलं, बाई आजारी आहे.

मग एका शनिवारी, उन्हं नुकती वर आलेली, पार्वती स्वतःच धावत आली. सुगंधीला कालपासून लघवी होत नव्हती. पोट टम्म. पोर कण्हतेय. आणि त्याहून मोठं संकट म्हणजे गावची जुनी सुईण भिकूआजी पोटाला हात लावून गेली होती आणि साऱ्या आळीत सांगत सुटली होती की पाच महिन्यांचं आहे. धाकूचा चुलता दारात येऊन उभा होता. म्हणत होता, सोयरिकीच्या माणसांना निरोप पाठवा आणि पोरीला कुठंतरी घालवा, घरात ठेवू नका.

राहेलबाई उठल्या. मी म्हटलं, “आज शनिवार.”

“देव म्हणाला काम करू नकोस,” चपला शोधत त्या म्हणाल्या. “लघवी तुंबलेली पोर बघत बसणं हे जास्त काम आहे. चूल पेटवा, रबरी नळी उकळायचीय.”

माझ्या चुलीवर नळी उकळली आणि आम्ही धाकूच्या घरी गेलो. राहेलबाईंनी चुलत्याला छत्रीनं अंगणापार केलं, दार लावून घेतलं. आत सुगंधी, तिची आई आणि मी. नळी घातल्यावर पोरीचा श्वास मोकळा झाला, चेहऱ्यावर रंग आला. पण ओटीपोटातला गोळा तसाच होता. राहेलबाई तिच्या उशाशी बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

“सुगंधे, शेवटची कधी?”

पोरीनं आईकडे बघितलं. आईनं भिंतीकडे.

“कदीच न्हाय, बाय,” सुगंधी म्हणाली. “एकदा बी न्हाय.”

“पोटात दुखतं?”

“दर म्हयन्याला. तीन-चार दिस. पन मी पडवीत बसते तवा न्हाय, भलत्याच दिवशी. तवा मी भात झोडत असते, न्हायतर पानी आनत असते.”

राहेलबाईंनी डोळे मिटून घेतले. मग आईच्या देखत, पांघरुणाआडून, पोरीला नीट तपासलं. उठल्या, हात धुतले आणि पार्वतीला म्हणाल्या, “तुझी पोर वेळेवर शहाणी झालीय, दोनतीन वर्षांपूर्वीच. पाळी दर महिन्याला येतेय. बाहेर यायच्या वाटेवर जन्मापासून एक पातळ पडदा बंद राहिलाय, क्वचित एखादीचा राहतो. महिन्यामागून महिने सगळं आतच साठलं, त्याचा हा गोळा. त्यानंच लघवी दाबली. पोर निर्मळ आहे. छोटं ऑपरेशन आहे, पडदा मोकळा केला की झालं. संसार होईल, पोरं होतील.”

पार्वतीनं पोरीचा हात घट्ट धरला. तेवढ्यात दाराच्या फटीतून भिकूआजी म्हणाली, “येवडंच हाय तर मी पात्यानं करते की.” राहेलबाई तशाच गर्रकन वळल्या. “हात लावशील तर बघ. इथं कापलं आणि आत पू झाला तर पोर जाईल. मलाही कसं करतात ते ठाऊक आहे, म्हणूनच मी करत नाही. हे मुंबईच्या मोठ्या इस्पितळात करायचं.”

पण पार्वतीची अडचण निराळीच होती, आणि ती बोलली तेव्हा मला तिचा राग येईना. “बाय, पोर गरवार न्हाय ह्ये सांगायचं तर पाळी कदी आलीच न्हवती ह्ये सांगाया लागंल. मंग मखर खोटं मांडलं ह्ये बी आलं. रखमाय म्हनंल, ज्यांनी मखरात खोटं बसवलं त्यांच्या घरची पोर कशाला करू? न्हाय सांगितलं तर पाप चिकटतं. काय करू सांगा.”

राहेलबाईंनी छत्री उचलली. त्या बांधावर गेल्या. धाकू उघाडीपाशी उकिडवा बसला होता, सकाळपासून. पोरीवर आळ आल्यावर तो घरी आलाच नव्हता. मी बांधाच्या अलीकडे थांबले, पण सांगितलंच आहे, राहेलबाईंचा आवाज लांबवर जायचा, आणि धाकूचा वाऱ्यानं आणला.

“धाकू, भर पावसात ह्या दारात गाळ बसला, दार उघडेना, आत पाणी चढलं, तर काय म्हणशील? शेतानं पाप केलं?”

धाकूनं दारावर हात ठेवला. “न्हाय, बाय. शेताचा काय गुन्हा?”

“मग काय करशील?”

“दार मोकलं करीन.”

“कधी? बांध फुटल्यावर?”

धाकू उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते मला अजून लिहिता येत नाही. तो म्हणाला, “बोट कदी हाय?”

बोट दुसऱ्या दिवशी होती. राहेलबाई स्वतः सुगंधीला आणि पार्वतीला घेऊन मुंबईला गेल्या. तिसऱ्या आठवड्यात परत आल्या. सुगंधी धक्क्यावरून घरापर्यंत आपल्या पायांनी चालत गेली, पोट सपाट, मान मात्र खाली. कारण गावानं अजून ती वर करू दिली नव्हती. म्हसळ्याहून निरोप आला होता, रखमाय येतेय, हिशोब विचारायला.

रखमाय आली ती महिन्याभरानं, नवऱ्याला आणि दिराला घेऊनच. उंच, काटक बाई, डोळा फार तिखट. धाकूच्या अंगणात सारी आळी जमली होती. भिकूआजी पुढच्या रांगेत. राहेलबाई खांबाला टेकून उभ्या होत्या; बोलायची पूर्ण तयारी, छत्री हातात. आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत धाकू पुढे झाला.

दिवसाला दहा शब्दांचा माणूस. त्यानं मुंडासं काढून हातात घेतलं आणि सगळ्या पुरुषांच्या देखत म्हणाला, “माज्या पोरीला पाली कदी आली न्हवती. म्हंजे येत व्हती, पन उघाडी बसलेली. आत तुंबलं. तुमी समदे शेतकरी हाव. उघाडी बसली तर आपन शेताला शिव्या देतो का? दार मोकलं केलं, पानी गेलं. आता भरती-ओहोटी बरोबर चाललीया. आन् मखर मांडलं ते खोटं व्हतं. ते माज्या घराचं खोटं. पोरीचं न्हाय.”

पुरुष आपापल्या पायाचे अंगठे बघत होते. राहेलबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. इतक्या वर्षांत त्यांना दुसऱ्या कुणी गप्प केलेलं मी एवढं एकदाच बघितलं.

रखमायनं पार्वतीला विचारलं, “खोटं मांडलंस?”

“व्हय.”

“तरीच मला बोलावलं न्हाय.” रखमायचा आवाज चढला. “कवापासनं जळते मी, लगनाची तारीख बी काडली न्हाय ती म्हनूनच. आमची सून मखरात बसली आन् सासूला आवतान न्हाय. मी म्हनलं, ह्या लोकांना एवडा कसला माज?”

कुणीतरी फिसकन हसलं. मीच होते.

रखमाय राहेलबाईंकडे वळली. “बाय, दार आता नीट चालतंय?”

“दोनदा आली, आपापली. पंचांग न बघता,” राहेलबाई म्हणाल्या. त्यातली दुसरी त्याच आठवड्यातली होती.

“मंग मखर परत मांडा. नारळ माजा.”

दुसरं मखर पहिल्यापेक्षा उंच झालं. ओट्या भरताना कुणीतरी कुजबुजलं की नर्सबाई आपल्यातल्या नाहीत, त्यांनी भरली तर चालेल का? रखमायनं तिकडे नुसतं बघितलं. राहेलबाईंनी सुगंधीच्या ओटीत नारळ घातला, त्यावर भिंतीवर टांगायचं एक कॅलेंडर आणि लाल पेन्सिल. “तारखेला फुली मारायची. लपवायचं नाही. अक्षर चांगलं आहे तुझं, फुलीही चांगली येईल.” आणि गाणी चालू असताना त्या माझ्या कानात म्हणाल्या, “मी एवढी वर्षं घसा फोडतेय, मास्तरीण. धाकूनं एका दमात केलं.” तेव्हा छत्री पहिल्याच काखेत होती.

काही वर्षांनी राहेलबाईंचे भाऊ, भावजया, सगळं गणगोत इस्रायलला जायला निघालं. एकटीनं मागं राहून काय करणार, म्हणून भावानं यांचंही नाव घातलं. मी विचारलं, “तिथं जाऊन काय कराल?” त्या ट्रंकेत छत्री बसते का ते बघत होत्या. बसत नव्हती. “तिथंही बायकाच असतील ना?” म्हणाल्या.

कार्तिकातली सकाळ होती. बोट खाडीच्या तोंडाशी उभी, आणि धक्क्यावरून पडाव निघालेला. किनाऱ्यावर साळूबाई, तिचा तो दोन पायांचा वारा आता शाळेत जाणारा, वाडीतली सासू आणि सून, भिकूआजीसुद्धा. म्हसळ्याहून सुगंधी आली होती, कडेवर पोरगा, शेजारी धाकू. पडाव बराच आत गेला. आम्ही हात हलवत होतो. तेवढ्यात राहेलबाई पडावात उभ्या राहिल्या, नावाडी ओरडला तरी बसेनात, छत्री वर केली आणि पाण्यावरून तो आवाज आला.

“सुगंधे, शेवटची कधी?”

किनाऱ्यावरचे सगळे पुरुष एकदम जाळी बघायला लागले. सुगंधीनं पोरगा या कडेवरून त्या कडेवर घेतला, मान वर केली आणि तितक्याच मोठ्यानं ओरडली, “नवरात्राची दुसरी माळ, बाय. त्याच्या पाठी न्हाय.”

छत्रीखाली बोटं मोजली गेलेली आम्हाला लांबून दिसली. “म्हणजे आषाढ. पावसात अडकशील. आधीच माहेरी येऊन राहा.”

“व्हय, बाय.”

पडाव बोटीला लागला. पुरुषांची जाळी अजून बघून व्हायची होती. एकटा धाकू समोर बघत ताठ उभा होता, आणि शेजारच्या माणसानं काही विचारलेलं नसताना त्याला सांगत होता, “माजी पोर हाय ती.”